कवडूजींच्या पेट्यांचं माहेरपण

कवडूजींच्या दुकानात हार्मोनियम विकत मिळत नसे. ती मागावी लागे, आणि मागायला चार वडीलधारी माणसं बरोबर आणावी लागत.

हे मी गमतीनं सांगत नाही. पांढुर्ण्याच्या बाजारओळीत त्यांचं दुकान आणि माझी भाड्याची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे मी सांगतो ते कानांनी ऐकलेलं आहे. दुकानाच्या दारात ढोलक्या, खंजिऱ्या, टाळ टांगलेले असत. ते कोणीही यावं, वाजवून पाहावं, घेऊन जावं. आत मात्र लाकडी फळीवर रंगीत खोळी घालून पेट्या बसलेल्या असत. हार्मोनियम हा लांबलचक शब्द आमच्याकडे कोणी वापरत नसे, पेटीच म्हणत. कवडूजी तर नुसतं 'पोरगी' म्हणत. गिऱ्हाईक आलं की पेटी दाखवायच्या आधी ते गिऱ्हाइकालाच नीट पाहून घेत.

"घर मातीचं का इटायचं? उंदरं किती आहेत? चुलीच्या खोलीत ठेवान तं आताच सांगा, मी देत नाही."

लोधीखेड्याच्या भजनी मंडळाला एका पेटीसाठी चार खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला त्यांचे पुढारी वैतागून म्हणाले, "कवडूजी, माह्या सख्ख्या पोरीचं यापेक्षा लवकर जमलं."

"तिले तोंड आहे बाप्पा," कवडूजी शांतपणे म्हणाले. "इले कोनी तरास देला तं ही कोनाले सांगन?"

चौथ्या खेपेला पेटी मिळाली. निघताना तिच्या झाकणावर हळदकुंकू लागलं, खोळीच्या गाठीत मूठभर तांदूळ बांधले गेले, आणि पेटी ओळीच्या टोकाला जाईपर्यंत कवडूजी पाठ फिरवून ढोलकीची दोरी ताणत उभे राहिले. ती दोरी आधीच ताणलेली होती.

देण्याची एक अट असे. अक्षयतृतीयेला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, तशी पेटीनंही आठ दिवस माहेरी यायचं. कवडूजी तिचा भाता उघडून धूळ काढत, कातड्याला ठिगळ लावत, एकेक पितळी पत्ती कानशीनं घासून सुरात आणत. याचा मोबदला विचारला तर त्यांना राग येई. लेकीच्या माहेरपणाचा मोबदला कोणी घेतो का, असा त्यांचा सवाल असे.

या सगळ्यात माझा भाग पोस्टकार्डांचा. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे, सावसरच्या तहशिलीतले कारकूनसुद्धा माझा अर्ज आला की एकमेकांना दाखवत, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते विसरलो नव्हतो. दर वर्षी चैत्र संपता संपता कवडूजी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत येत आणि एकदाच मजकूर सांगत. मग मी त्याच्या वीसपंचवीस प्रती काढी. मजकूर असा:

'तुमचे घरी दिलेली आमची पेटी सणानिमित्त माहेरी पाठवावी. प्रवासात तिची आबाळ होऊ देऊ नये. उन्हाची झळ लागू नये. इकडे सर्व तिची वाट पाहत आहेत. कळावे.'

लिहिताना मला हसू येई. पण वेलांट्या मी मन लावून काढी.

आता ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायची आहे, तो प्रांत बदलल्यानंतरचा पहिला उन्हाळा. छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर आमची राजधानी होती, ती मुंबई राज्यात गेली. आम्ही जागचे हललो नाही, पण आमची राजधानी भोपाळ झाली, आणि तिथं कसं जायचं हे आमच्यातल्या कोणालाच धड ठाऊक नव्हतं. त्या वर्षी गावात काहीही बिघडलं की लोक बोट फेरमांडणीकडे दाखवत. संत्र्याला भाव नाही, फेरमांडणी. टपाल उशिरा आलं, फेरमांडणी. माझी पगारवाढ अडली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. पुढे कळलं की माझा कागद हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात होता.

कवडूजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांची एकुलती एक लेक इंदू नरखेडला दिली होती. पॅसेंजरनं तासाभराचा रस्ता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कवडूजींचा भाचा भावाच्या नात्यानं मुराळी म्हणून गेला आणि तिला घेऊन आला. त्यानंतर ती आलीच नाही. भाच्याला जबलपूरला नोकरी लागली, तो तिकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात इंदू आली नाही. दिवाळीत आली नाही. कवडूजींची बायको इंदू लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात या गोष्टीचा पाठपुरावा करणारं कोणी नव्हतं. मी एकदा विचारलं, तर ते पत्तीवरची नजर न काढता म्हणाले, "नरखेड आता मुंबईत गेलं ना मास्तर. सरकारनं मंधात रेघ वढली. इवाई मोठ्या राज्यातले झाले, आता ते कायले लेक धाडतीन?"

पटण्यासारखं होतं; रेघ ओढण्याआधीच्या उन्हाळ्यातही ती आली नव्हती, हे मी मोजलं नाही. त्या वर्षी सगळंच पटण्यासारखं वाटे.

कवडूजींनी इंदूच्या लग्नात एक पेटीही दिली होती, त्यांच्या हातची सगळ्यात गोड. इंदू ती वाजवायची आणि तिचे सासरे श्रावणजी भजन म्हणायचे. त्या पेटीलाही गेल्या वर्षी कार्ड गेलं होतं, पण तीही आली नव्हती. या वर्षी ते कार्ड सांगताना कवडूजी म्हणाले, "हे जरा ठळक लिहा." मी ठळक लिहिलं. मजकूर तोच.

अक्षयतृतीयेचा आठवडा उजाडला. कवडूजींची थोरली बहीण बनाआत्या सावसरहून आपल्या दोन सुना आणि सात नातवंडं घेऊन आली. ही दर उन्हाळ्याची रीत. आणि त्याच आठवड्यात बोरगाव, सावसर, लोधीखेडा, जिकडून तिकडून पेट्या यायला लागल्या. कोणी बंडीत घालून आणल्या, कोणी डोक्यावर. दोन पेट्या काटोलकडून, म्हणजे थेट त्या रेघेपलीकडून आल्या. ती गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नाही.

त्या आठवड्यात कवडूजींचं घर पाहण्यासारखं असे. अंगणात एका बाजेवर बनाआत्याच्या कुरडया वाळत, शेजारच्या बाजेवर भात्यांची कातडी. एकदा आत्यांच्या धाकट्या सुनेनं अंधूक उजेडात भलतीच बाज आत नेली आणि कातडं तळायच्या कढईपर्यंत पोचलं होतं. कवडूजी सकाळी दुकानात बसत, अकराला मुलांना विहिरीवर न्यायचं कबूल केलेलं असे, साडेअकराला एक पेटी अर्धी उघडलेली असे. सात मुलं दुकानाच्या पायरीवर कोरडे पंचे गळ्यात घालून बसत आणि आतून आवाज येई, "एकच पत्ती राहिली रे, एकच." ती एकच पत्ती अर्धा तास चाले. मग ते एकदम उठत, दुकान तसंच उघडं टाकून मुलांबरोबर विहिरीत उडी मारत, आणि ओल्या धोतरानंच परत येऊन पेटीसमोर बसत. माझ्या भिंतीपलीकडून दिवसभर 'सा' ऐकू येई आणि मध्येच कोणाला तरी धपाटा घातल्याचा आवाज येई.

बनाआत्यांनी आल्या आल्या लेकीच्या बोलावण्याचं विचारलं होतं, "इंदूले मूळ धाडलं का?"

"पत्र टाकलं ना," कवडूजी म्हणाले.

आत्यांनी मान हलवली. पत्र टाकलं म्हणजे टाकलं. पत्रात काय आहे हे कोण विचारतं? आणि मला विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, हो, टाकलं, ठळक अक्षरात टाकलं. मला त्यातली खोच तोपर्यंत दिसलेली नव्हती. रोज पॅसेंजरची वेळ झाली की कवडूजी हातातली कानस खाली ठेवून ओळीच्या टोकाकडे पाहत. मग परत घासायला लागत. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ते जेवायला आले नाहीत तेव्हा आत्या मला म्हणाल्या, "यंदाबी नाही आली तं हा मानूस हाय खाईन, मास्तर." त्या घरात तेवढ्या आठवड्यात खरी चिंता ती एकच होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

सहाव्या दिवशी रोडग्यांचा बेत ठरला. ओळखीच्यांच्या आमराईत जायचं, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. मुलं पहाटेपासून तयार. बंडी आली, आणि कवडूजींनी तिच्यात पहिल्यांदा पेट्या चढवायला सुरुवात केली.

"हे काय?" आत्यांनी विचारलं.

"त्याबी माहेरी आल्या आहेत. त्यायले घरी कुलपात ठेवून आपन मजा कराव का?"

आत्यांनी कपाळावर हात मारला, पण आपल्या भावाला त्या साठ वर्षं ओळखत होत्या. शेवटी पेट्या बंडीतून गेल्या आणि आम्ही माणसं पायी गेलो. जाण्यापूर्वी कवडूजींनी माझ्याकडून दुकानाच्या दारावर पाटी लिहून घेतली, 'माहेरवाशिणी आमराईत गेल्या आहेत.' मी तीही सुंदर अक्षरात लिहिली.

आमराईत पेट्यांना दाट सावली मिळाली, आम्हाला तिरपी. रोडगे भाजून होत आले होते, मुलं झाडांवर होती, आणि मी वांग्याच्या भाजीकडे लक्ष ठेवण्याचं काम मन लावून करत होतो. तेवढ्यात बांधावरून एक उंच म्हातारा येताना दिसला. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर चादरीत गुंडाळलेली पेटी. नरखेडचे श्रावणजी. पाटी कोणाकडून तरी वाचून घेऊन ते इथवर चालत आले होते.

कवडूजी धावत गेले. हात जोडले आणि श्रावणजींच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बांध रिकामा होता. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग पेटी उतरवून घेतली.

"सून नाही आनली, इवाईबुवा?" आत्यांनीच विचारलं.

श्रावणजी बसले नाहीत. सावलीत ओळीनं मांडलेल्या पेट्या, त्यांच्या धुतलेल्या खोळी, त्यांच्यापुढे एका पोरीनं खेळता खेळता ठेवलेले कैरीचे तुकडे, हे सगळं त्यांनी सावकाश पाहिलं.

"मूळ कोनाचं आलं होतं?" ते म्हणाले.

"पत्र टाकलं होतं ना..."

श्रावणजींनी टोपीतून दोन पोस्टकार्डं काढली. एक गेल्या वर्षीचं, एक यंदाचं. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. "मास्तर दिसता. वाचा बरं."

मी वाचलं. स्वतःचं अक्षर स्वतःच्या तोंडानं. आबाळ होऊ देऊ नये. उन्हाची झळ लागू नये. इकडे सर्व तिची वाट पाहत आहेत. झाडावरची मुलंसुद्धा ऐकायला खालच्या फांद्यांवर आली.

"एवढी माया," श्रावणजी म्हणाले. "अन कोनाले? लाकडाले. मले वाचता येत नाही. हे दोनी सालचे कार्ड माह्या सुनंनंच मले वाचून दाखवले. दारात हुबी राहून. तिच्या नावाचा एक अक्षर नाही याच्यात. माही घरवाली म्हने, पोरीच्या बापाले पोरगी नकोशी झाली. म्या म्हटलं, आपन का तिले ढकलून द्यावं? मूळ येईन तवा धाडू. म्हून यंदा सोताच आलो. म्हटलं पाहू तं खरं, हा बाप कसा आहे."

कवडूजींच्या हातात ती पेटी तशीच होती. "दोघीबी एकाच घरात आहेत," ते कसेबसे म्हणाले. "म्हटलं, तिले बोलावलं म्हनजे... वाजवनारी संगंच येईन. तुमी समजान असं वाटलं."

"समजनं माह्यं काम नाही. मूळ धाडनं तुमचं काम."

"अन मले वाटलं, ते सरकारची रेघ..."

"कोनती रेघ? मी सकाळच्या पॅसिंजरनं आलो. दोन गोष्टी सांगून होत नाही तं पांढुर्नं आलं. मले कोनी पुसलंबी नाही."

एवढं बोलून त्यांचा राग संपला असावा, कारण ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. कवडूजी मात्र पेटी ठेवून पायात चपला घालायला लागले. ते त्याच पावली स्टेशनवर निघाले होते. आत्यांनी त्यांचं धोतर धरलं. "तू बाप आहेस. बाप मुराळी जात नसते. भाऊ जात असते."

"भाऊ नाही ना तिले," कवडूजी म्हणाले. तसा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून वांग्याच्या भाजीत डाव धरून उभा होतो. दोन उन्हाळे माझ्या वळणदार अक्षरानं त्या मुलीला तिच्या सासरच्या दारात उभं करून ठेवलं होतं. त्यामुळे मी नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. मी म्हणालो, "मी जातो." भाजी थोडी लागली, पण त्याबद्दल मला कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, आत्यांनी दिलेली करंज्यांची दुरडी, नवं लुगडं आणि श्रावणजी, एवढं घेऊन मी नरखेडला गेलो. कवडूजींनी पेटी ठेवून घेतली होती. तिचं माहेरपण व्हायचं होतं.

इंदू ओसरीत धान्य निवडत होती. मला पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ती उठून उभी राहिली आणि भिंतीला हात टेकून म्हणाली, "मास्तरदादा, बाबा आहेत ना?"

माहेरचं माणूस दीड वर्षानं दिसलं, तर तिच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. मी घाईघाईनं म्हणालो, "आहेत, चांगले आहेत. अगं, मी तुला न्यायला आलो आहे. मुराळी म्हणून." ती उंबऱ्यावर बसली. सासूबाईंनी तिला पाणी दिलं आणि मला गूळ. मग त्याच सासूबाई, ज्यांनी वर्षभर नाक मुरडलं होतं, आत जाऊन तिची ट्रंक भरायला लागल्या.

गाडीत ती खिडकीशी बसली. मी कार्डांबद्दल काहीतरी बोलायला गेलो. ती हसून म्हणाली, "अक्षर चांगलं आहे तुमचं. मी दोनी वेळा वाचून झाल्यावर कार्ड पलटून पायलं. म्हटलं, माह्यासाठी मागं काही लिहिलं असन. मागं आमचा पत्ताच होता."

मी तेव्हापासून माझ्या अक्षराबद्दल कोणाशी बोललेलो नाही.

दुपारच्या उन्हात गाडी पांढुर्ण्याला लागली. फलाटावर कवडूजी छत्री मिटून उभे होते. ते तिथं केव्हापासून उभे होते कोण जाणे, दुकान मात्र त्यांनी सकाळपासून बंद ठेवलं होतं, भर हंगामात. इंदू उतरली, पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ट्रंक उचलली. हमालाला त्यांनी हात लावू दिला नाही.

स्टेशनाबाहेर पन्नासेक पावलं गेल्यावर त्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"पोरी, कार्डावर तुह्यं नाव लिहाले पायजे होतं म्या."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाबा, झालं ते झालं. लेकी असंच म्हणतात.

"हो बाबा," ती म्हणाली. "पायजे होतं."

कवडूजी रस्त्यात उभे राहून रडले. जाणारे येणारे पाहत होते. इंदूही रडली, पण आधी हसली. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मोठा श्वास घेतला, आणि त्यांचे खांदे कितीतरी दिवसांनी सैल झालेले मी पाहिले. इंदूनं ट्रंकेची एक कडी धरली, त्यांनी दुसरी. दोघं पुढे चालायला लागली, आणि नरखेडात यंदा पाणी किती, विहिरी आटल्या का, असं काहीबाही बोलायला लागली. मी मागून छत्री धरून चाललो होतो. त्या एका छत्रीत आमच्यापैकी कोणीच धड मावत नव्हतं, पण ऊन लागतंय असं घर येईपर्यंत कोणी म्हणालं नाही.